बुडत्या कंपनीतील कुजबुज

आम्हां मराठी माणसांना एन्रॉन हे नाव दाभोळमुळे परिचित. ही अमेरिकन कंपनी २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत निघाली. ऑगस्टमध्येच शेरॉन वॉटकिन्स यांनी हिशेबांतील घोळाचा इशारा अध्यक्षांना दिला होता, तोही प्रथम निनावी पत्राने. २००३ साली तेथील ऊर्जा नियामक आयोगाने कंपनीचा ई-मेल पत्रव्यवहार खुला केला. त्यात अभ्यासकांना आढळले, की पतनाच्या महिनाभर आधी आपसांत थेट पत्रव्यवहार करणारी कोंडाळी सुमारे १०० वरून ८०० च्या घरात गेली होती. कचेरीत आयुष्य वेचलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. संस्था बुडू लागली म्हणजे बोलणे थांबत नाही. ते उघडपणे वर जाणे थांबते. एन्रॉनची कुजबुज संगणकात उमटली म्हणून इतिहासाला सापडली. तोंडी कुजबुजीची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात उरत नाही.