पाद्री आणि गृहस्थ

५ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरीच्या काळ्या समाजाने बसवर बहिष्कार पुकारला. तो ३८१ दिवस टिकला. नेता २६ वर्षांचा पाद्री, मार्टिन ल्यूथर किंग. त्याचे चर्च काळ्यांच्याच वर्गणीवर चाले. गोऱ्या मालकाला त्याची भाकर तोडता येईना.

तो बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात धर्मांतर घडले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. त्याच भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले होते. आपल्यापाशी धर्मपीठ कुठले? देवळाची पायरीही आपली नव्हती. भिक्खू चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली खरी. पण लाखोंना ती दिली बाबासाहेबांनीच, एका गृहस्थाने!

आजही गावच्या विहारात वंदना घेणारा बहुधा गृहस्थच असतो: शिक्षक, कारकून, शेतमजूर. किंगला मंडळी पोसत होती. हा मोर्चात उतरला, की मजुरी त्याचीच बुडते.