गवारीचं बी आणि तेलाची विहीर

नांदेडला आमच्या घरी गवार म्हणजे शेंगदाण्याचं कूट घालून केलेली भाजी. निबर शेंगा आजी बाजूला काढायची. त्यांतलं बी अमेरिकेतल्या तेलविहिरींत जातं, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं.

या बीच्या आतला पांढरा भाग दळला की गवार गम तयार होते. थोडीशी पाण्यात मिसळली तरी पाणी दाट होतं. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडचा कॅरोबचा डिंक अमेरिकेत मिळेनासा झाला, तेव्हा पर्याय म्हणून गवारीकडं लक्ष गेलं. पुढं तेल कंपन्यांनीही ती उचलली.

शेल खडकातलं तेल काढायला प्रचंड दाबानं पाणी आणि वाळू सोडून खडक फोडतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. साध्या पाण्यात वाळू लवकर तळाला बसते. गवारीच्या दाट पाण्यात ती भेगांपर्यंत पोचते. बोरेट घातलं की त्याची जेल होते. नंतर एन्झाइमनं ती मोडतात. वाळू मागं राहते, भेग उघडी ठेवते.

जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात सर्वाधिक. अमेरिकेत फ्रॅकिंग वाढलं आणि गवारीचे भाव इतके भडकले, की मार्च २०१२ मध्ये तिचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. २०१४ मध्ये तेल घसरलं, तशी गवारीची मागणीही घटली. कोरडवाहू शेतकऱ्याचा भाव टेक्सासमधल्या विहिरींवर ठरत होता.

गवार झाडापासून येते, मातीत कुजते, म्हणून तिला ‘हिरवं’ रसायन म्हणतात. ते खरंही आहे. पण मी लातूरकडं बघतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा तिच्या दहा टँकरमध्ये मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. फ्रॅकिंगच्या एका विहिरीला पन्नास लाखांपासून काही कोटी लिटरपर्यंत पाणी लागतं. म्हणजे एका विहिरीसाठी तशा किमान दहा रेल्वे.

कमी पाण्यावर तगणारं हे पीक. त्याचं बी एवढं पाणी दाट करायला जातं आणि त्यातून निघतं ते पुन्हा तेलच. रसायन हिरवं झालं, धंदा नाही. ‘हिरवं’ असं लेबल दिसलं की मी आता आधी विचारतो, पाणी किती लागलं?