मांडवीच्या धक्क्यावर गळ टाकताना

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर संध्याकाळी गेलात, तर धक्क्याच्या कडेला गळ सोडून बसलेली चार माणसे तुम्हांला दिसतील. हा धक्का काही मासे धरण्यासाठी बांधलेला नव्हे. मुंबईच्या आगबोटींच्या काळात उतारू नि मालाच्या चढउताराची ही जागा. कोकणातल्या बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जात. १९८० च्या दशकात ही उतारूंची वाहतूक थांबली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली, आणि धक्का उरला तो हवा खाणाऱ्यांना आणि गळवाल्यांना.

पण त्या दिवसांतली एक विद्या अजून उपयोगाची आहे. पडाव केव्हा हाकारायचा हे भरती ठरवी. गळ केव्हा टाकायचा हेही तीच ठरवते. भरतीची वेळ जुना दर्यावर्दी घड्याळाविना सांगे. तिथीची पाऊणपट करायची, की झाले! चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. शाळेत पूर्वी पाऊणकी पाठ करून घेत, तिचा हा असा उपयोग. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, ती चंद्रामुळे. म्हणून पाऊण तासाचा हिशेब जवळपास जुळतो. अगदी काटेकोर मात्र नव्हे. बंदरागणिक अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. शिक्षकांनी पंधरा दिवस मुलांकडून पाण्याच्या खुणा करून घ्याव्यात; आपल्या गावचा फरक किती, हे मुलांनाच सापडेल.

आता गळाला काय लागेल? काजळी नदी भाट्याच्या खाडीतून इथेच समुद्राला मिळते. पाणी चढू लागले की मासळी खाडीकडे सरकते, तेव्हा बसावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला इतकी ओढ असते, की शिसे तळाशी ठरत नाही. अष्टमीच्या भांगात पाणी सुस्त. मधले दिवस बरे, असे माझे मत. कोळंबीचा तुकडा लावलात तर पहिली येईल ती बहुधा शेंगटी. तिला उघड्या हाताने धरू नका; तिच्या पाठीवरचा नि बाजूचा काटा विषारी, हात ठणकत राहतो. गोबरा आमिष घेऊन दगडांच्या कपारीत शिरतो आणि दोरी तुटते. तांबोशी मिळाली तर नशीब म्हणायचे! बोयींचा थवा डोळ्यांसमोर फिरेल, पण गळाकडे सहसा ढुंकून पाहणार नाही. ती चिखलातले शेवाळ खाणारी, तिला पागच हवा. आणि पोट फुगवून फुग्यासारखा होणारा केंड आला तर त्याला परत पाण्यात सोडा. त्याचे विष शिजवूनही जात नाही.

पावसाळ्याचे वेगळे. आगबोट त्या दिवसांत बंद असे, नि गलबते किनाऱ्यावर ओढलेली. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी आहे, कारण तो बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत होडी न लोटण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी. धक्क्यावरच्या गळाला ही बंदी लागत नाही खरी, पण आषाढातली लाट कठड्यावरून येते आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही.