वऱ्हाडांतील दोन गायक आणि त्यांचा श्रोता

गायकाचें खरें कसब कशांत, असा प्रश्न निघाला म्हणजे सूर, ताल आणि लय यांची चर्चा सुरू होते. गाणें संपल्यावर, सतरंज्या गुंडाळल्या गेल्यावर, गायक आणि श्रोता यांच्यामध्यें काय उरतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अलीकडे मात्र हा प्रश्न प्रत्येक कलावंताच्या उंबरठ्यावर येऊन बसला आहे. हातांतल्या फोनवरून गाणें क्षणांत लाखों लोकांपुढें जातें आणि अंगठ्याच्या एका हालचालीनें तितक्याच क्षणांत मागें पडतें. श्रोता मिळविणें सोपें झालें, राखणें अवघड झालें. म्हणून रोज नवें कांहींतरी त्याच्यापुढें टाकण्याची धडपड चालते. या धडपडीस वऱ्हाडच्या इतिहासांत एक जुनें उत्तर सांपडतें. विसाव्या शतकांत अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातींत दोन गाणारीं माणसें वावरलीं. एक गाडगेबाबा, दुसरे तुकडोजी महाराज. दोघांनाही संतपद मिळालें, आणि त्यामुळें ते गात असत ही गोष्टच लोकांच्या विस्मरणांत गेली. त्यांचें गाणें शास्त्राच्या कसोटीस किती उतरेल, हा वाद येथें अप्रस्तुत आहे. त्यांचा श्रोता दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करी, तें पाहण्यासारखें आहे.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६७ सालीं मुंबई-नागपूर आगगाडीचा मार्ग पुरा झाला आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हीं स्थानकें कापसाच्या व्यापारानें गजबजूं लागलीं. पैसा आला तशा त्याच्या मागोमाग नाटक मंडळ्याही आल्या. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे राजकारणांत टिळकांचे सहकारी, तसेच रंगभूमीचे मोठे चाहते. १९०५ सालीं मुंबईस भरलेल्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांनाच मिळालें होतें. शहरांतला हा श्रोता रसिक होता, जाणता होता. तो तिकीट काढी, आवडलेलें पद पुन्हा म्हणावयास लावी आणि तृप्त होऊन घरीं जाई. त्याचा व्यवहार तेथेंच पुरा होई. खेड्यांतल्या शेतमजुरास, परटास, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसास या व्यवहारांत जागा नव्हती. त्याच्यापाशीं तिकिटाला पैसा नव्हता आणि डोक्यावर सावकाराचें देणें होतें.

त्याच थरांतून गाडगेबाबा आले. डेबूजी झिंगराजी जानोरकर हें त्यांचें मूळ नांव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं, परटाच्या घरीं. वडील दारूपायीं अकालीं गेले. बालपण आजोळीं, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास, गुरें राखण्यांत आणि शेतीच्या कष्टांत गेलें. तेथेंच सावकारी कर्ज घर कसें खातें, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, एका हातीं खराटा, दुसऱ्या हातीं मातीचें फुटकें गाडगें. अक्षरओळख नव्हती.

त्यांच्या कीर्तनाची तयारी सकाळींच सुरू होई, आणि ती रियाजाची नसे. गांवांत शिरल्यावर बाबा रस्ता झाडूं लागत. कोण हा वेडा, म्हणून पोरें मागें लागत. बायाबापड्या दारांतून पाहात. एखादा शहाणा हंसत असे. दिवसभर गटारें आणि उकिरडे साफ होत. सायंकाळीं तोच फाटका माणूस लोकांच्या मधोमध उभा राही आणि गोपाळनामाचा गजर सुरू करी. या युक्तीचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. गायक तोंड उघडण्यापूर्वींच श्रोत्याचा त्याच्याशीं संबंध जुळलेला असे. आपली घाण याने काढली, ही चुटपुट मनांत घेऊनच तो बसे. जाहिरातीच्या कोणत्याही पत्रकानें हें काम साधलें नसतें.

पुढें कीर्तन सुरू होई तें पूर्वरंग-उत्तररंगाच्या ठरीव चौकटींतलें नव्हे. तुकोबांचा अभंग येई, कबीराचा दोहा येई, मध्येंच सारें सोडून बाबा वऱ्हाडी बोलींत समोरच्यांस प्रश्न विचारूं लागत. पहिला प्रश्न अगदीं भोळा असे. त्याचें उत्तर सारा समुदाय एका आवाजांत देई. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरांतूनच निघे. तिसऱ्यास लोक चपापत. चौथ्याला जें उत्तर द्यावें लागे तें त्यांच्या स्वतःच्या वागण्याविरुद्ध जाई. पण तोंवर तें त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेलें असे. देवापुढें बकरें कापणें, लग्न-बारशासाठीं कर्ज काढणें, दारू पिणें, शिवाशीव पाळणें, हीं सारीं पापें श्रोत्यांनीं आपल्याच मुखानें कबूल करावीं, अशी ती रचना होती. मग पुन्हा गजर. त्या गजरांत लाजही वाहून जाई आणि निश्चयही पक्का होई. प्रश्न आणि गजर यांची ही आलटापालट केवळ वक्तृत्वाची नव्हे. लय कोठें धरावी आणि कोठें तोडावी याचें ज्ञान असलेल्या माणसाचीच ती करामत आहे.

आणि दुसऱ्या दिवशीं? पुष्कळ ठिकाणीं लोकच खराटे घेऊन बाहेर पडत. अमरावती जिल्ह्यांत पूर्णेच्या कांठीं ऋणमोचनास पौष महिन्यांत यात्रा भरते. तेथें बाबांनीं घाट बांधविला आणि अंध-अपंगांना अन्नदान सुरू केलें. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या. पैसा लोकांनीं दिला. बाबांनीं त्यांतलें कांहीं स्वतःकरितां ठेविलें नाहीं, आणि आपल्या कुटुंबासही त्याचा स्पर्श होऊं दिला नाहीं. भाकरी मागूनच खाल्ली.

येथें एक नाजुक प्रश्न उभा राहतो, आणि लोकप्रिय झालेल्या प्रत्येक गायकास तो कधीं ना कधीं पुरून उरतो. श्रोता प्रेमांत पडला म्हणजे तो ऐकेनासा होतो. त्याला शब्द नको असतात, मूर्ति हवी असते. बाबांना हें पुरतें ठाऊक होतें. पायां पडणाऱ्यांना ते जवळ येऊं देत नसत, प्रसंगीं काठी उगारीत. कीर्तन संपतांच गर्दींतून निघून जाण्याची त्यांची रीत होती. आपण कोणाचे गुरु नाहीं आणि आपला कोणी शिष्य नाहीं, हें ते वारंवार बजावीत. श्रोत्याला इतक्या जवळ आणून भक्ताला इतकें दूर ठेवणारा कलावंत विरळाच. परटवाड्यास जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणीं बाबांच्या सहवासांत राहिले आणि पुढें त्यांनीं बाबांचें चरित्र लिहिलें. प्रबोधनकार ठाकरे यांनींही लिहिलें. चरित्रकारांचें लक्ष साहजिकच त्यागाकडे आणि समाजसेवेकडे अधिक गेलें. कीर्तनाच्या कारागिरीचा अभ्यास त्या मानानें थोडाच झाला, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरे गायक तुकडोजी महाराज वयानें तेहतीस वर्षांनीं लहान. मूळ नांव माणिक बंडोजी इंगळे; जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली गांवीं. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरु, आणि तुकड्या हें नांवही त्यांनींच दिलेलें. माणिकानें तेंच नांव भजनांत मुद्रा म्हणून वापरलें. वाद्य खंजिरी. खंजिरी म्हणजे एका बाजूनें कातडें मढविलेलें लहानसें कडें. कडेला झांजांच्या चकत्या. एका हातांत धरावी, दुसऱ्यानें वाजवावी, चालतां चालतांही गावें. साथीदार लागत नाहीं, बैठक लागत नाहीं, आणि किंमत गरिबालाही परवडते. बीन किंवा सारंगी ऐकून श्रोता थक्क होतो आणि तेथेंच थांबतो. खंजिरी ऐकून त्याला वाटतें, हें आपल्यालाही जमेल. हा भेद क्षुल्लक नाहीं. तुकडोजींच्या पुढील साऱ्या कार्याचें बीज त्यांत आहे.

त्यांची भजनें मराठींत होतीं, हिंदींतही होतीं. शब्द सोपे, चाल एकदां ऐकून तोंडीं बसणारी. १९३५ सालीं त्यांनीं अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९३६ सालीं गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामास जाऊन राहिले. गाडगेबाबांनीं जें कटाक्षानें टाळलें तें तुकडोजींनीं जाणून केलें: श्रोत्यांची संघटना बांधली. गांवोगांव श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेचें स्वतःचें भजनी मंडळ असे. सायंकाळीं सामुदायिक प्रार्थना, रांगेनें बसून, जातीपातीचा भेद न ठेवतां, त्यानंतर भजन, आणि दिवसां ग्रामसफाई, व्यायाम, शिक्षण. मंडळाचें मासिकही निघूं लागलें. महाराज एखाद्या गांवीं वर्षांतून एक रात्र येत. उरलेल्या रात्रीं त्यांचें गाणें तेथील माणसेंच गात. गायक गैरहजर आणि गाणें हजर, ही किमया ग्रामोफोननें यंत्राच्या बळावर केली. तुकडोजींनीं ती माणसांच्या बळावर केली.

अशा श्रोत्याचें सामर्थ्य सर्वांत आधीं ओळखलें तें सरकारनें. ऑगस्ट १९४२ मध्यें चिमूर, आष्टी आणि बेनोडा येथें उठाव झाले. त्याच महिन्यांत तुकडोजींना चंद्रपूर येथें अटक करण्यांत आली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवलें आणि वर्षअखेरीस सोडलें. ज्याच्यापाशीं शस्त्र म्हणून एक खंजिरी होती अशा माणसाची भीति साम्राज्यास कां वाटावी? गांवोगांव एकाच वेळीं एकच पद म्हणणारीं माणसें हें उत्तर पुरेसें आहे.

संघटनेची किंमतही असते, हें येथें सांगितलें पाहिजे. मंडळ आलें म्हणजे नियम आले, पदाधिकारी आले. आणि ज्याचें नांव घेऊन मंडळ उभें आहे त्याची तसबीरही भिंतीवर येते. तुकडोजी गांवाला काम सांगत राहिले, १९५५ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत तर त्यांनीं शेतीपासून गावच्या पंचायतीपर्यंत सारा विषय ओवीबद्ध केला, तरीही भक्तीचा ओघ व्यक्तीकडे वळण्याचें थांबलें नाहीं. उलट बाजूस, गाडगेबाबांनीं मूर्तिपूजा टाळली खरी, पण त्यांची ती प्रश्न विचारण्याची विद्या त्यांच्याबरोबर बव्हंशीं गेली. दोन वाटांपैकीं कोणती सरस, याचा निर्णय वऱ्हाडनें अजून दिलेला नाहीं. दोघांचा परस्परांशीं स्नेह होता, आणि दोघांचे चाहते बहुधा एकच होते.

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूर नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि अमरावती-अकोल्याच्या घरांत गाणें भिंतीवरच्या फळीवरून ऐकूं येऊं लागलें. नभोवाणीनें पुष्कळ दिलें. एक गोष्ट मात्र तिला देतां येत नव्हती, ती म्हणजे श्रोत्याचें उत्तर. तबकडीची अडचण आणखी निराळी. तिच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. गाडगेबाबांचा तिसरा प्रश्न येईतोंच ती संपली असती. सुदैवानें ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईस वांद्रे पोलीस ठाण्यांत बाबांचें जें अखेरचें कीर्तन झालें तें ध्वनिमुद्रित करून ठेवलेलें आहे. त्यांत बाबांचा थकलेला आवाज आहे, तसाच समुदायाचाही आहे. समुदायाचा आवाज काढून टाकला तर त्या कीर्तनाचा अर्थच लागणार नाहीं. पुढें सहा आठवड्यांनीं, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येतांना वलगांवजवळ वाटेंतच बाबांचें देहावसान झालें.

आज तें ध्वनिमुद्रण लोक फोनवर ऐकतात. अकोला जिल्ह्यांतल्या अकोट भागांतले सत्यपाल महाराज एका वेळीं सात खंजिऱ्या वाजवून या दोघांचे विचार सांगतात. त्यांचे कार्यक्रमही फोनवर पाहणारे असंख्य आहेत. परंतु मांडवांत त्यांच्यासमोर बसलेलीं मुलें ज्या उत्साहानें त्यांच्या प्रश्नांना ओरडून उत्तरें देतात, तसें पडद्यापुढें एकट्या बसलेल्या माणसाकडून होत नाहीं. पडद्याखालीं आलेल्या शेंकडों शाबासक्या गायकास सुखवितात खऱ्या. त्यांतल्या एखाद्यानें उद्यां काय करावें, हें सांगणारा गायक मात्र क्वचित् भेटतो.

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं, आश्विन वद्य पंचमीस, गुरुकुंजांत निवर्तले. दरवर्षीं त्या तिथीस मोझरीला प्रचंड मेळा जमतो. दिवसभर दिंड्या येतात, खंजिऱ्या घुमतात, गांवोगांवचीं भजनी मंडळें आपापल्या निशाणांखालीं गातात. दुपारीं चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनीं तो सारा समुदाय, कोणी कोणाला हटकल्यावांचून, उभ्या जागीं गप्प होतो.