फारखत आणि नादारी
(भंडारा जिल्ह्यांतील ऋणव्यवहाराच्या अनुरोधानें)

जुन्या घरांचीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर व वंशावळी यांकडे संशोधकाचें लक्ष आधीं जातें. कर्जरोख्यांचे गठ्ठे बहुधा बाजूस पडतात. त्यांत राजकारण नसतें हें खरें. परंतु बुडालेल्या ऋणकोची सुटका कोणी व कोणत्या न्यायानें करावी, या प्रश्नाचा आपल्या समाजानें केलेला विचार त्याच कागदांत सांठविलेला आहे. नादारीचा कायदा ही केवळ इंग्रजांची देणगी, असें एक पक्ष म्हणतो. तो कायदा म्हणजे वचनभंगास राजाश्रय, असें दुसरा म्हणतो. दोन्ही मतें एकांगी आहेत असें प्रस्तुत लेखकास वाटतें. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

मनूच्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानाचा क्रम पहिला आहे. द्रव्याचें व्याज एकरकमी घेतांना तें मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियम त्याच्याच स्मृतींत आहे. याज्ञवल्क्य आणखी पुढें जातो. निर्धन झालेल्या हीनजातीच्या ऋणकोकडून काम करवून घ्यावें, ब्राह्मणाकडून मात्र उत्पन्न होईल तसतसें हळूहळू फेडून घ्यावें, असें तो सांगतो. येथला वर्णभेद उघड आहे व तो झांकण्यांत कांहीं अर्थ नाहीं; तथापि देणेकऱ्याच्या ऐपतीप्रमाणें फेडीची गति ठरावी हें तत्त्व त्यांत आहे. धनको अनेक असल्यास ज्या क्रमानें कर्ज घेतलें त्या क्रमानें तें फेडावें. मात्र ब्राह्मणाचें आधीं व त्यानंतर राजाचें, असाहि नियम त्यानें दिला आहे. पित्याचें ऋण पुत्रपौत्रांनीं फेडावें, पण मद्य, स्त्रीव्यसन व द्यूत यांपायीं झालेलें पुत्रानें देऊं नये. सारांश, शास्त्रानें ऋणास मर्यादा, गति व क्रम हीं तिन्ही दिलीं. मुक्ति मात्र दिली नाहीं.

मुक्ति होती ती धनकोच्या हातीं. जसजशी फेड होईल तसतशी ती लेखाच्या पाठीवर लिहावी व ऋण पुरें फिटल्यावर लेख फाडावा किंवा शुद्धीचा दुसरा लेख करून घ्यावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. हाच दुसरा लेख पुढें मराठी व्यवहारांत फारखत या नांवानें रूढ झाला. फारखत धनकोनें लिहून द्यावयाची. त्यानें ती न दिल्यास ऋणकोस उपाय नव्हता, आणि ऋणकोनें पैसा न दिल्यास धनकोचा उपाय म्हणजे तगादा व धरणें. एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या मुलखाविषयीं १८१९ सालीं दिलेल्या अहवालांत त्याचें वर्णन आहे: बरोबरीच्या किंवा खालच्या माणसास घरांत कोंडावें, उपाशी ठेवावें, उन्हांत बसवावें, ऋणको थोर असेल तर धनकोनें स्वतःच त्याच्या दारीं उपाशी बसावें. अब्रू हीच तेथें जामीन होती.

भंडारा जिल्ह्यांत या व्यवहारानें निराळें वळण घेतलें. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले व नागपूरचें राज्य खालसा झालें. त्यानंतर १८६० च्या दशकांतील जमाबंदीनें मालगुजारांस गांवाची मालकी मिळाली. जी वस्तु पूर्वीं मुख्यतः वसुलीची जबाबदारी होती ती आतां गहाण टाकतां येण्याजोगी मालमत्ता झाली. अब्रूच्या जागीं गांवच तारण आलें, आणि कर्ज बुडालें म्हणजे गांव सावकाराकडे जाऊं लागलें. येथें कायद्यानें एक बांध घातला. मध्यप्रांताच्या १८९८ च्या व पुढें १९२० च्या कूळकायद्यानें, गांवाची मालकी गमावलेल्या मालगुजारास त्याच्या सीर जमिनीवर भोगवटादार कूळ म्हणून राहतां येई. महसूल अधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून ती सहसा तोडतां येत नसे. मालकी गेली तरी नांगर राहिला. माझ्या मतें नादारीच्या न्यायाचें बीज येथेंच दिसतें.

नादारीचा कायदा मुंबई, मद्रास व कलकत्ता या शहरांस १८४८ सालीं लागू होता. मोफसलास १८७७ च्या दिवाणी संहितेंतील एका प्रकरणावर, पुढें १९०७ च्या व अखेर १९२० च्या पांचव्या कायद्यावर भागवावें लागलें. या शेवटल्या कायद्याचीं कलमें शास्त्राशेजारीं ठेवून पाहावींत. पांचशें रुपयांचें देणें असलेला किंवा देण्यापायीं पकडला गेलेला माणूस स्वतः अर्ज करूं शकतो. त्याची मालमत्ता कोर्टाकडे जाते. पण आवश्यक वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें व बैल सुटतात. पवनीच्या कोष्ट्याचा माग व भंडाऱ्याच्या पितळकामाचा हातोडा याच सवलतींतले. वाटणींत सरकारी देणें व नोकरांचा थोडा पगार आधीं, आणि बाकीच्या धनकोंस सारख्या प्रमाणांत. ब्राह्मणाचें अग्रस्थान गेलें, राजाचें राहिलें. घेतल्या क्रमाच्या जागीं समप्रमाण आलें.

न्यायाचें मर्म मात्र सुटकेच्या कलमांत आहे. रुपयास आठ आणेहि फेडण्याजोगी मालमत्ता नसेल तर पूर्ण सुटका नाहीं. परंतु ज्या कारणांस ऋणको जबाबदार धरतां येत नाहीं त्यांमुळें तसें झाल्याचें त्यानें सिद्ध केल्यास गोष्ट वेगळी. जुगार, उधळपट्टी, हिशेबाच्या वह्या न ठेवणें हे दोष सुटकेच्या आड येतात. याज्ञवल्क्यानें द्यूताचें ऋण निराळें काढलें तें पुत्रास वांचविण्यासाठीं. येथें तें काढलें जुगाऱ्यास अडविण्यासाठीं. दुर्दैव व दुर्वर्तन यांमधली रेघ दोघांनींहि ओढली आहे. आक्षेप उरतो तो निराळा: तारण घेतलेल्या सावकारास हा कायदा अडवीत नाहीं. म्हणून ज्याचें सर्वस्व गहाण होतें त्यास त्याचा लाभ थोडा. ती उणीव जाणूनच मध्यप्रांतानें १९३३ सालीं कर्जसमेटाचा कायदा केला व मंडळासमोर धनकोचीच संमति मिळविण्याचा यत्न केला. एका अर्थीं फारखतच परत आली.

पुढील इतिहास जवळचा आहे. १९५१ सालीं मालगुजारी संपली. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें केवळ गरिबीमुळें देणें न देऊं शकणाऱ्यास तुरुंगांत टाकूं नये असें ठरविलें. २००५ च्या दुरुस्तीनें नव्या कर्जांपुरती पुत्रपौत्रांची धार्मिक जबाबदारी कोर्टांत चालेनाशी झाली. २०१६ च्या नव्या संहितेंतील व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच अमलांत आला.

तात्पर्य, कोर्टाची सुटका ही धनकोच्या इच्छेविरुद्ध दिलेली फारखत आहे. तिचा न्याय ऋणकोनें सर्व उघड करण्यावर व त्याचे बैल-माग शाबूत राहण्यावर अवलंबून आहे. यांतील एक नसेल तर ती एक तर लबाडी होते, नाहीं तर थट्टा. संग्राहकांस एवढीच विनंति कीं, कर्जरोखा हातीं आल्यास त्याची पाठ आधीं वाचावी आणि फाटका म्हणून तो टाकूं नये. त्या फाटण्यांतच एखाद्या कुटुंबाची मुक्ति लिहिलेली असूं शकते.