शेजारच्या जगाचे दार

ब्लेक क्राउच या अमेरिकन लेखकाची ‘डार्क मॅटर’ ही कादंबरी २०१६ साली आली. शिकागोतला जेसन डेसन हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक एका रात्री घराकडे निघालेला असताना पळवला जातो. शुद्धीवर येतो तो भलत्याच जगात. तिथे त्याचे लग्न झालेले नाही, मुलगा जन्मलेला नाही. तिथला जेसन मात्र नावाजलेला शास्त्रज्ञ आहे. वाक्ये तोकडी, परिच्छेद कधी कधी एकेका ओळीचे. वाचक पानामागून पान उलटत राहतो आणि एक साधी शंका काढायलाही त्याला उसंत मिळत नाही: या जगातून त्या जगात जायचे दार नेमके असते कुठे?

क्राउचने एक भलीमोठी पेटी आणि एक औषध यांवर भागवले आहे. त्याच्या आधीच्या शंभरेक वर्षांत लेखकांनी हे दार कुठे कुठे बसवून पाहिले, तो इतिहास या कादंबऱ्यांइतकाच रंजक आहे.

एच. जी. वेल्सने १९२३ च्या ‘मेन लाइक गॉड्स’मध्ये ते चक्क हमरस्त्यावर ठेवले. सुट्टीवर निघालेले बार्नस्टेपल नावाचे गृहस्थ आपल्या छोट्या मोटारीतून जाता जाता दुसऱ्या विश्वात पोहोचतात. पण वेल्सला पळापळीपेक्षा आदर्श समाजावरच्या चर्चेत रस अधिक. वेग आला तो अमेरिकेतल्या ‘पल्प’ मासिकांमुळे. स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेली ही मासिके स्टॉलवर खपायची आणि त्यांच्या लेखकांना शब्दांच्या हिशेबाने पैसे मिळायचे. वाचक कंटाळला तर शेजारचे मासिक उचलेल, ही धास्ती कायमचीच.

अशाच एका मासिकात, ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’च्या जून १९३४ च्या अंकात, मरे लेन्स्टरची ‘साइडवाइज इन टाइम’ ही कथा आली. शीर्षकातच सारी कल्पना आहे. काळात मागे किंवा पुढे नव्हे, तर आडवे जायचे. लेन्स्टरने दार ठेवलेच नाही, जमीनच उसवली. व्हर्जिनियाच्या परिसरात इतिहासाचे निरनिराळे तुकडे ठिगळांसारखे येऊन चिकटतात. कुठे रोमन सैनिक, कुठे यादवी युद्ध जिंकलेली दक्षिण, कुठे चिनी लोकांनी वसवलेली अमेरिका. हा गोंधळ होणार हे एका गणिताच्या प्राध्यापकाला आधीच कळलेले असते आणि त्यातून आपले राज्य उभारायचा त्याचा बेत असतो. (गणिताच्या प्राध्यापकाला एवढी महत्त्वाकांक्षा क्वचितच कुणी बहाल केली असेल.) पुढे १९४८ मध्ये एच. बीम पायपरने समांतर काळांवर गस्त घालणारे पोलीस खातेच उभे केले. आता पळणाऱ्यामागे लागायला कुणीतरी हजर होते.

मौज अशी की, भौतिकशास्त्र या कल्पनेपाशी नंतर आले. ह्यू एव्हरेट हा प्रिन्स्टनचा विद्यार्थी विज्ञानकथांचा भोक्ता होता. १९५४ मध्ये मित्रांबरोबर शेरी पिता पिता निघालेल्या गप्पांतून त्याला ती कल्पना सुचली आणि १९५७ मध्ये त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. मोजमाप घेताना क्वांटमच्या अनेक शक्यतांपैकी एकच उरते आणि बाकीच्या विरून जातात, हे त्याला मान्य नव्हते. त्याच्या गणितात सगळ्याच शक्यता आपापल्या फांदीवर चालू राहतात. बुजुर्गांनी दाद दिली नाही. एव्हरेट पेंटागॉनच्या कामाकडे वळला आणि १९८२ मध्ये, ५१ व्या वर्षी वारला. त्याचा विचार लोकांपर्यंत गेला तो ब्राइस डेविटने १९७० मध्ये ‘फिजिक्स टुडे’त लेख लिहिल्यावर.

कादंबरीकारांना ही पर्वणी वाटली, पण त्यात एक मेख होती. एव्हरेटच्या फांद्या एकदा वेगळ्या झाल्या की व्यवहारात त्यांची गाठ पडत नाही. म्हणजे विज्ञानाने दुसऱ्या जगाला प्रतिष्ठा दिली आणि त्याच दमात दार बुजवून टाकले. तेव्हापासून प्रत्येक लेखकाला भिंत फोडावी लागते. भिंत फोडताना वाचकाचे लक्ष दुसरीकडे हवे, म्हणूनही या कादंबऱ्या इतक्या धावत असाव्यात.

मराठीत मात्र दुसऱ्या जगाची ओढ आधीपासून होती आणि तिचे नाव पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? हा प्रश्न मराठी घरांत कुणा लेन्स्टरची वाट पाहत थांबला नव्हता. त्याची विज्ञानकथा केली ती जयंत नारळीकरांनी. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत. हॉइलच्या १९६६ च्या ‘ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट’मध्ये तर पृथ्वीवरच्या देशादेशांत वेगवेगळी शतके नांदतात. भारतात परतल्यावर नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये नारळीकरांचे दार म्हणजे ट्रकची धडक. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला येतात, तर व्हीटीवर युनियन जॅक आणि कंपनी सरकार! मराठ्यांनी मुंबई इंग्रजांना २००१ पर्यंत भाडेपट्ट्याने दिलेली. अमेरिकन नायक अशा वेळी पिस्तूल शोधतो; पंत ग्रंथालय शोधतात. टाउन हॉलमध्ये बसून आपलीच पुस्तके उलटीसुलटी वाचतात आणि इतिहास कुठे वळला ते भाऊसाहेबांच्या बखरीत सापडते: गोळी विश्वासरावांना चाटून गेली. परतल्यावर त्यांच्याजवळ पुरावा असतो तो त्याच बखरीच्या एका फाटक्या पानाचा. पाठलागाच्या कथेत कागदपत्राला इतका मान मराठीतच मिळावा.

तरी झटापट आहेच. आझाद मैदानावरच्या एका सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना राहवत नाही. त्या जगातले लोक भाषणांना विटलेले असतात; टोमॅटो आणि अंडी येतात, आणि जमाव त्यांना मंचावरून खेचायला धावतो. आपल्या जगात जाग आल्यावर मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि इलेक्ट्रॉनची अनिश्चितता समजावतो. हजारावे अध्यक्षपद पानिपतावरच्या परिसंवादात घ्यायचे ठरलेले असते. पंत आयोजकांना नकार कळवतात. हजारावे भाषण आझाद मैदानावर झाले, असा त्यांचा हिशेब असतो.