सामा पाचम आणि ऋषीची भाजी

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आपल्या मंडळातल्या कोकणी घरांत त्या दिवशी ऋषीची भाजी शिजते: अळू, भेंडी, शिराळी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, अंबाडी, मक्याची कणसं. तेल-मसाला जवळजवळ नाहीच. शेजारच्या सुरती घरात मात्र हीच तिथी 'सामा पाचम' असते. तिथल्या बायका सामो खातात. आपल्या खानदेशी मंडळींच्या उपासाच्या भगरीशी त्याचं जवळचं नातं. सावा आणि वरी ही खरं तर दोन वेगळी तृणधान्यं, पण भगर, वरी, मोरैयो या नावांखाली बाजारानं त्यांची सरमिसळ केली आहे.

दोन भाषांचा, दोन स्वयंपाकघरांचा नियम मात्र एकच: बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लावलेल्या जमिनीत जे उगवतं तेवढंच घ्यायचं. यामागे सप्तर्षींची कथा आहेच; पण मला त्यात शेतकऱ्याचा हिशेबही दिसतो. भाद्रपदात कणगीतलं जुनं धान्य तळाला गेलेलं असतं, नवी ज्वारी अजून शेतात उभी असते. बैल नांगरणी-कुळवणी करून दमलेले असतात. अशा वेळी परसातलं आणि रानाच्या कडेचं हिरवं हाच आधार. अळूला वेगळं पाणी लागत नसे. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी ज्या चरातून जाई त्याच्याच काठाला तो वाढे. भोपळ्याचा वेल कुडावर किंवा छपरावर.

हे सगळं सुरतेत नवं नव्हतं. १७१९ साली पिलाजी गायकवाडांनी सोनगड घेतलं, तेव्हापासून या मुलुखात मराठी माणूस सुरतेवर स्वारी करून परत जाणारा राहिला नाही, वस्ती करणारा झाला. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत खानदेशाला जोडली आणि तापीकाठची माणसं तापीच्याच मुखाशी येऊ लागली. त्यांना इथं ओळखीचंच पीक भेटलं. त्यांचा हुरडा इथं पोंक झाला, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खायचा. कोकणातली पोपटी वलसाडकडे उंबाडियू होऊन भेटली. तोच वालाच्या शेंगांचा मडका, तोच पाल्याचा वास. भांबुर्ड्याऐवजी पाला तेवढा निराळा.

मग कालवे आले. १९५०च्या दशकात काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली उकाई धरण. तापीचं पाणी बारमाही झालं, बारडोलीकडे ऊस पसरला. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उसाखाली गेलेल्या जमिनीत ज्वारी, वाल, तूर मागं पडली. शहराच्या बाजूनं वेगळंच घडलं. कतारगामची पापडी उंधियूसाठी नावाजलेली. आज कतारगाम म्हटलं की हिऱ्याचे कारखाने आठवतात. पापडी अजूनही त्याच नावानं विकली जाते. कुठून येते, हे विकणाऱ्याला विचारून पाहावं.

ऋषीच्या भाजीचंही तसंच. पंचमीच्या आदल्या दिवशी चिरलेल्या भाज्यांची पाकिटं मिळतात. ट्रॅक्टरनं नांगरलेल्या शेतातली भाजी 'बैलाच्या कष्टाची नाही' हे शब्दशः खरंच! ऋषींनाही यावर काय बोलावं कळणार नाही.

आमच्या घरी हा नियम एकदा खऱ्या अर्थानं पाळावा लागला. २००६च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं, आणि ऋषिपंचमी त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी आली. तळमजला गाळानं भरून गेला होता, धान्याचे डबे फेकून दिले होते. बाजार सुरू झाला होता, पण आईचा हात काही घ्यायला धजेना. मागच्या अंगणात गाळ काढता काढता अळूचे कंद सापडले आणि त्यांना कोंब फुटलेले दिसले. पाच-सहा पानं निघाली. शेजारच्या सुरती मावशींनी वाटीभर सामो दिला. तो त्यांच्या माळ्यावर होता म्हणून वाचला होता. आईनं अळू चिंच घालून शिजवलं, अर्धं त्यांच्याकडे पाठवलं.

ते अंगण आता नाही, तिथे पार्किंग आहे. त्यातला एक कंद गच्चीवरच्या तुटक्या बादलीत आहे. यंदा त्याला नऊ पानं आली आहेत.